गाडीच्या पोटाचा पत्रा

रिकामा कप हातात आला की किशोर आधी तो उलटा करून तळ बघतो. भरलेला कप त्यानं असा एकदाच पाहिला होता, आणि तो पाहुण्यांचा होता. दुकानात शिरण्याआधी शटरचा पत्रा नखानं वाजवतो. कुणाच्या घरी गेला की दाराशी चपला समांतर लावून ठेवतो, स्वतःच्याही आणि इतरांच्याही. लग्नात आहेराचं पाकीट देताना यजमानाच्या कानात सांगतो, की मांडवातल्या कोपऱ्यातल्या पंख्याचा नट ढिला आहे. फोनवर बोलता बोलता कुणाच्याही उभ्या गाडीखाली वाकून बघतो. त्याचं मांजर हरवलंय, अशी पंचवटीतल्या त्याच्या अर्ध्या गल्लीची समजूत आहे.

हे सगळं बुद्धभूषणच्या लक्षात राहिलं होतं. तो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. मराठीत एम. ए. झालेला. एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासायचा आणि अधूनमधून एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहायचा. किशोर त्याच्याहून बराच मोठा. दोघांत सामाईक काही नव्हतं, जिना सोडून. एका रविवारी किशोरनं पार्किंगमधून हाक मारली, "भूषण, जरा बॅटरी धर." बॅटरी धरायला खाली गेलेला बुद्धभूषण तेव्हापासून पुरता वर आलेला नाही.

किशोर ओझरकडे विमानांच्या पत्रेकामाला जातो. रिव्हेट मारणं, म्हणजे एकदा ठोकले की उघडत नाहीत अशा खिळ्यांनी पत्रे जोडणं, हे त्याचं काम. त्या कामात एक नियम असतो. पत्रा बंद करण्याआधी प्रत्येक हत्यार फळीवर परत लावायचं. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी पत्रा बंद होत नाही. पाना सापडेपर्यंत सगळे थांबतात. विमानाच्या पोटात पाना विसरून चालत नाही, हे कुणालाही पटेल.

किशोरनं तो नियम घरी आणला. आधी पार्किंगमध्ये फळी लागली. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाटणं, झारा, उलथनं आणि किसणी यांच्या आकृत्या आल्या. लाटणं जागेवर दिसेपर्यंत तो जेवायला बसत नसे. त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, पुष्कळ दिवस सोसलं. मग एक दिवस तिनं सोफ्याच्या वरच्या भिंतीवर खडूनं एका माणसाची आकृती काढली.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही इथं दिसलात की मी पान वाढीन. पार्किंगमध्ये वाढणार नाही."

पार्किंगमध्ये गाडी होती. जुनी, पांढरी, लहानशी. किशोर कामाला कारखान्याच्या बसनं जायचा, त्यामुळे गाडी चालायची कमी आणि उचलली जायची जास्त. स्नेहलचा धाकटा भाऊ अमोल कळवणला भाजीपाल्याचा व्यापार करायचा. त्याला मळ्यामळ्यानं फिरायला गाडी हवी होती. दर सणाला तो बहिणीला विचारायचा, "ताई, दाजी गाडीखालून निघाले का?"

फेब्रुवारीत एक खोकं आलं. ते जिन्यातून वळेना म्हणून खालीच उघडलं. आत काळा बंपर होता. गाडीच्या कंपनीचा नव्हे, बाहेरचा. खाली पुढं आलेला पातळ ओठ, आणि दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी.

"हा वारा कापतो," किशोर म्हणाला.

"आणि जुना?"

"जुना वाऱ्याला धडकतो."

वाऱ्याबद्दल बुद्धभूषणला बरंच माहीत होतं, पण ते सगळं कवितेतलं. किशोरनं त्याला जमिनीवर झोपवून समजावलं. वारा गाडीच्या वरून जातो तसा खालीही शिरतो. खाली सायलेन्सर, नळ्या, दांडे, सगळा पसारा. वारा त्यात अडकतो आणि गाडीला मागं ओढतो. विमानाचं पोट बघ, कसं गुळगुळीत असतं. तसं गाडीचं पोट करायचं. पुढं हा बंपर, आणि त्याच्या मागं शेवटपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा. सहा तुकड्यांत.

स्नेहल खिडकीतून ऐकत होती. "वारा कापून जाणार कुठं? पंचवटी कारंज्यावर? तिथले रिक्षावाले तुम्हाला दुसरा गिअर तरी टाकू देतात का?"

किशोर पाना घेऊन गाडीखाली शिरला. त्याला बंपर बसवायचा होता.

बंपर बसत नव्हता. गाडीची भोकं आणि बंपरची भोकं समोरासमोर येत, एकमेकांना बघत आणि बोटभर अंतरावर थांबत. किशोरनं घासलं. बसवलं. काढलं. पुन्हा घासलं. शेवटी डावं टोक तेवढं बाहेर राहिलं, रुसल्यासारखं. प्लास्टिक गरम केलं तर वळलं असतं. थोड्या वेळानं बुद्धभूषण गाडीपुढं मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या हातात स्नेहलचा केस वाळवायचा ड्रायर होता. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली होती.

स्नेहल डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आली.

"अहो, माझा ड्रायर?"

"दोन मिनिटं. नरम व्हायला आलाय."

"बंपर होईल. मी नाही होणार."

टोक वळलं. खट्‌ असा आवाज आला आणि बंपर बसला. किशोर दोन पावलं मागं सरकला. बुद्धभूषणही सरकला. पांढऱ्या गाडीला काळं तोंड फुटलं होतं, आणि ते कानापर्यंत हसत होतं.

पोटाच्या पत्र्याला जास्त दिवस लागले. पत्रा बसवल्यावर गाडी जमिनीपासून किती वर राहते, ते भरल्या गाडीत मोजायला हवं होतं. भरायला माणसं नव्हती. किशोरची नजर बुद्धभूषणच्या पुस्तकांकडे गेली. पोती भरून पुस्तकं खाली आली. पुढच्या सीटवर कादंबऱ्या बसल्या. मागच्या सीटवर किशोरच्या सासूच्या, म्हणजे कुसाबाईंच्या, जागी शब्दकोशाचे खंड आणि संतवाङ्मय रचलं. कुसाबाई अंगानं भरलेल्या होत्या, म्हणून वर समीक्षाही ठेवली. बुद्धभूषण बघत राहिला. आपलं शिक्षण कुणाला तरी उपयोगी पडताना तो प्रथमच पाहत होता.

किशोरनं बंपरच्या ओठाखाली उभी मूठ घातली. मूठ गेली.

"बस. कुठलाही गतिरोधक निघेल," तो म्हणाला, आणि पाच तुकडे त्यानं ठोकून बंद केले. नटबोल्टनं नाही, रिव्हेटनं. तेवढंच त्याला येत होतं आणि तेवढंच त्याला पटत होतं. तेल बदलायची वेळ आली की काय करायचं, असं बुद्धभूषणनं विचारलं. किशोरनं ठोकलेल्या रिव्हेटवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तेल चांगलं आहे."

सहावा तुकडा सगळ्यात मोठा होता, मागचा, सायलेन्सरभोवती वळवायचा. तो एक चाचणी झाल्यावर लावायचा ठरलं. किशोरनं तो घासूनपुसून लख्ख केला आणि पाय पडू नये म्हणून गच्चीवर नेऊन ठेवला.

चाचणी स्नेहलनं ठरवली. मार्चमध्ये तिची आई कुरडया करायला नाशिकला यायची होती.

"आईला कळवणहून या गाडीतून आणा," ती म्हणाली. "ती उतरून ठीक आहे म्हणाली, तर गाडी तुमची. मी पुन्हा बोलणार नाही. नको म्हणाली, तर किल्ली अमोलची."

किशोरचा चेहरा उतरला. कारण सगळ्यांना माहीत होतं. कुसाबाईंना गाडी लागायची. कुठलीही. एसटी, जीप, लग्नाची लक्झरी, सगळ्यांत त्यांना उलटी झालेली होती. स्नेहलच्या लग्नात व्याह्यांनी त्यांच्यासाठी खास गाडी पाठवली होती. ती गाडी व्याही अजून काढतात, विषय म्हणून.

किशोर बुद्धभूषणला म्हणाला, "तू मागं बस. पिशवी धरायला."

कळवणला कुसाबाई अंगणात तयार होत्या. त्यांनी गाडीला पुढून एक चक्कर मारली.

"जावईबापू, ही हसती का काय?"

"नवा बंपर आहे, मामी. वारा कापतो."

"कापू द्या. वारं लय सुटलंय."

मग अमोल घरातून एकेक वस्तू बाहेर आणू लागला. कुरडयांसाठी गव्हाचं पोतं. कांद्याची गोणी. तूरडाळीचा डबा. भुईमुगाच्या शेंगा. मांडीवर धरावा लागेल असा लाल भोपळा. किशोर बघत उभा राहिला. त्यानं सासूचं वजन धरलं होतं, सासूचा वानवळा धरला नव्हता. आणि सासूनं दिलेला वानवळा नको म्हणेल असा जावई कळवण तालुक्यात अजून झालेला नाही.

"अमोल, गव्हाचं पोतं तू मोटरसायकलवर घेतोस का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाय दाजी. ताईनं सांगितलंय, सगळं गाडीत बसलं पाहिजे." अमोल आनंदात होता. तो मोटरसायकलवरून मागोमाग येणार होता. परत येताना गाडी घेऊन यायची आणि मोटरसायकल दाजींना ठेवायची, असा त्याचा हिशेब होता.

कुसाबाई बसल्या. गाडीनं खाली मान घातली. किशोरनं ओठाखाली हात घातला. मूठ गेली नाही. आडवा पंजा कसाबसा गेला.

कुसाबाईंनी नाकाला लिंबू लावलं, डोक्याला रुमाल बांधला आणि बुद्धभूषणच्या हातात पिशवी दिली. "कागद हे का रं? बुडाखाली कागद ठिवला म्हणजे मळमळत नाय."

बुद्धभूषणकडे रविवारची पुरवणी होती. तीत त्याचं परीक्षण होतं. कुसाबाई त्यावर बसल्या.

पहिला गतिरोधक गावाबाहेर पडतानाच आला. खर्रर्र असा आवाज झाला, पाटीवर खिळा ओढल्यासारखा, पुढून मागपर्यंत. किशोरनं डोळे मिटले. गाडी चालू होती.

"काय फाटलं?" कुसाबाईंनी विचारलं.

"काही नाही मामी. रस्ता."

दुसऱ्या गतिरोधकाच्या अलीकडे किशोरनं गाडी थांबवली. मान वळवून तो बुद्धभूषणच्या कानाशी आला. "मामी उतरल्या तर निघेल. पोती राहू देत."

"मग सांगा ना."

"मी जावई आहे. त्या परीक्षक आहेत. तू सांग. साहित्याचा आहेस. नीट शब्दांत सांग."

बुद्धभूषणनं शब्द शोधले. इतके काळजीपूर्वक त्यानं परीक्षणातही शोधले नव्हते. "मामी, जरा पाय मोकळे करता का? हवा छान आहे."

कुसाबाई उतरल्या. किशोरनं गाडी तिरकी घेतली, एक चाक, मग दुसरं, मुंगीच्या चालीनं. निघाली. पलीकडे कुसाबाई पुन्हा बसल्या. मागं अमोल हँडलवर कोपर टेकून हसत होता. "दाजी, लोटू का?"

पुढच्या गतिरोधकावर बुद्धभूषणनं देऊळ दाखवलं. त्यापुढच्यावर विहीर. नांदुरीला त्यानं सप्तशृंगीचा गड दाखवला.

"ह्यो गड मी जन्मापासून बघती," कुसाबाई म्हणाल्या, पण उतरल्या.

त्यापुढच्या गावात दाखवायला काही नव्हतं. एक बंद पडलेलं पिठाचं दुकान होतं. बुद्धभूषण तोंड उघडून बसला. कुसाबाईंनी दार स्वतःच उघडलं.

"पोरा, तू लय शिकलेला दिसतो. येवढी गावं झाली, पन 'बाई, तू जड हे' असं काय म्हणला नाय." त्या खाली उतरल्या. "सरळ सांगायचं. जड हे ते हे."

तिथून त्यांनी काम हातात घेतलं. गतिरोधक दिसला की "थांबा" म्हणायच्या. उतरून पुढं जायच्या, गतिरोधकापाशी कमरेवर पदर खोचून उभ्या राहायच्या आणि हातानं इशारे करायच्या. "या, या. डावं घ्या. डावं! हां. आता हळू. पोट सांभाळा." समोरून आलेला द्राक्षांचा टेम्पो त्यांनी तळहात दाखवून थांबवला. ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, कुणाची गाडी?" त्या म्हणाल्या, "जावयाची. इमानातला हे." टेम्पोवाल्यानं आदरानं इंजिन बंद केलं.

वणीला भज्यांच्या हातगाडीसमोरच गतिरोधक होता. पलीकडे आल्यावर कुसाबाई गाडीकडे वळल्या नाहीत.

"भजी घे रं, अमोल."

अमोलच्या कपाळावर आठी आली. आई प्रवासात पाणीसुद्धा पीत नसे. आज लिंबू पदराच्या टोकाला बांधलेलं होतं. रुमाल केव्हाच सुटला होता. त्यानं बुद्धभूषणच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी रिकामी होती. अमोलला काहीतरी समजलं. त्यानं घाईनं एक प्लेट आणली. मग दुसरी.

"आई, अजून घे. मिरचीची घे. वरून रस पी उसाचा."

कळवणच्या इतिहासात मुलानं आईला इतक्या आग्रहानं खाऊ घातलं नसेल. त्याचा डोळा गाडीवर होता, हे किशोरलाही दिसत होतं. किशोर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. भजी, मिरची, उसाचा रस आणि पुढं वळणं. बुद्धभूषणनं पिशवीचं तोंड उघडून तयार धरलं. त्या क्षणी पिशवी कोरी राहावी, याशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

कुसाबाईंनी ढेकर दिली. "थांबा," त्या म्हणाल्या. बुद्धभूषण पिशवीसकट पुढं झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "ह्ये काय? गतिरोधक आला."

त्या उतरल्या. चालल्या. वारा लागला. बसल्या.

दिंडोरीत त्यांनी द्राक्षं खाल्ली. ढकांब्याला चहा घेतला आणि तिथल्या एका बाईकडून तिच्या लेकीच्या सासरची सगळी हकीकत काढून घेतली. म्हसरूळला शाळेची मुलं ओळीनं उभी राहून गाडी बघत होती. कुसाबाई पुढं चालत आल्या तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अमोल आता मागं नव्हता. तो पुढं निघून गेला होता, बहिणीच्या कानावर आधी काहीतरी घालावं म्हणून.

गल्लीत शिरताना इमारतीच्या दाराशी गटारावरचा चढ होता. स्नेहल तिथं उभी होती, शेजारी अमोल. शेजारपाजारचे लोक कठड्यांवर आले होते. कुसाबाई कुणी न सांगता उतरल्या, इशारे करत मागं मागं चालल्या आणि गाडी आत घेतली. अगदी शेवटी, खर्रर्र. किशोर उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, दवाखान्यात पेशंटजवळ उभं राहतात तसा.

"आई, कशी वाटली गाडी?" स्नेहलनं विचारलं.

अमोल लगेच म्हणाला, "ताई, आई नाशिकपर्यंत चालत आलीय. मी डोळ्यानं पाहिलंय. गाडीत बसलीच नाय."

किशोरनं बॉनेटवरची धूळ बाहीनं पुसायला घेतली.

कुसाबाईंनी बुद्धभूषणकडे हात केला. त्यानं पिशवी दिली. त्यांनी ती झटकली, चौकोनी घडी घातली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

"ही घे. कोरी हे."

स्नेहलनं घडीकडे पाहिलं. मग आईकडे. "एकदा पण नाही?"

"एकदा पन नाय. भजी खाल्ली, रस प्याला. बाकीच्या गाड्या कशा, माणसाला एकदा आत कोंडलं का गाव येईस्तवर सोडत नाय. ही घडीघडी उतरवती, वारा खाऊ घालती, पुना बसवती. माझ्या जल्मात पहिली गाडी, जिला माणसाच्या पोटाची काळजी हे." त्या अमोलकडे वळल्या. "तू निघ. उजेडात घरी पोच. ह्या गाडीला हात लावायचा नाय."

अमोलनं मोटरसायकलला किक मारली. ती तिसऱ्यांदा लागली.

किशोरला आता धीर आला. "मामी, ते पत्र्यामुळं. खालून हवा सरळ जाते ना, म्हणून गाडी डुलत नाही."

स्नेहलनं ठरल्याप्रमाणं तोंड बंद ठेवलं. ते तिला फार जड गेलं, हे बुद्धभूषणला दिसलं.

किशोरनं गाडी उचलून पोट पाहिलं. ओठाला रेघोट्या, पहिल्या तुकड्यावर एक लांब ओरखडा. एकही रिव्हेट सुटला नव्हता. तो खालून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. धूळ असेल. "आता सहावा तुकडा लावला की झालं," तो म्हणाला. पुढच्या रविवारी लावायचा ठरला. त्याच्या पुढच्या रविवारी मामींना त्र्यंबकला जायचं होतं. नंतर चांदवडला बहिणीकडे. त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली होती.

रविवारी बुद्धभूषण बॅटरी घेऊन गच्चीवर गेला. किशोर आधीच तिथं उभा होता, हातात ड्रिल. सहावा तुकडा उन्हात लख्ख पसरलेला होता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया होत्या, पांढऱ्या, ओल्या, गोल. वानवळ्याच्या गव्हाच्या.

"मामी, हा पत्रा..."

"लय झ्याक तापतो, जावईबापू. प्लास्टिकवर दोन दिस लागत्यात, इथं दुपारला सुटत्यात." कुसाबाई सावलीला बसून एक कुरडई अलगद सोडवत होत्या. त्यांच्या हातात पातळ पोलादी पट्टी होती. किशोरची. पत्र्याची कड सरळ करायची.

किशोर खाली गेला. बुद्धभूषणही गेला. फळीवर सगळी हत्यारं जागेवर होती. मधोमध एक लांबट आकृती रिकामी होती.

किशोर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ड्रिल त्याच्या जागी टांगलं.

"मागून आणू का पट्टी?" बुद्धभूषणनं विचारलं.

"नको. काम चालू आहे त्यांचं."

गाडीचं पोट मागच्या बाजूनं अजून उघडं आहे. कुरडया संपल्या की बटाट्याचा कीस आहे, असं मामींनी सांगितलंय.